पूजेच्या पाटावर बसू की नको?

पत्र थोडक्यात: वय ४१, नोकरी पुण्यात, मूळ घर चिपळूणजवळच्या एका गावात. घरी पाच दिवसांचा गणपती, पूजेला आजवर वडील बसत. दीड वर्षापूर्वी ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले, निदानानंतर सात महिन्यांत. त्या काळात आईने दोन ठिकाणी नवस बोलले, पत्रलेखकाने स्वतः मंगळवारचे उपास धरले. “बाबा गेले त्या दिवसापासून देव्हाऱ्यासमोर हात जोडले तरी आत काही हलत नाही,” असं ते लिहितात. गेल्या वर्षी वर्षाच्या आतला सण म्हणून चुलतभावाने पूजा केली. यंदा आईने सांगितलंय की पाटावर आता तूच बसायचं. पत्नी श्रद्धाळू आहे. नऊ वर्षांची मुलगी विचारते, “बाबा, देव खरंच असतो का?” त्यांचे प्रश्न असे: मानत नसताना पूजा करणं म्हणजे ढोंग नाही का? आईला सांगावं का? मुलीला काय उत्तर द्यावं? आणि शेवटी एक ओळ: “मी विचाराने नास्तिक झालोय की नुसता रागावलोय, हेच मला कळत नाही.”

नमस्कार,

तुमची शेवटची ओळ आधी घेते, कारण बाकीचे तिन्ही प्रश्न तिच्यावर टेकलेले आहेत.

मराठीत ‘कारण’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. ‘भिंत ओली आहे कारण कौल फुटलंय’ इथे कारण म्हणजे घडण्यामागचा कार्यकारणभाव. ‘मला हे पटत नाही कारण पुरावा नाही’ इथे कारण म्हणजे मताला दिलेला आधार. देवावरच्या वादात ही दोन्ही कारणं सतत एकमेकांत मिसळतात. श्रद्धाळू माणसाला आपण म्हणतो, ‘तुझ्या घरात होतं म्हणून तू मानतोस.’ आणि तुमच्यासारख्याला लोक म्हणतात, ‘बाप गेला म्हणून हा नास्तिक झाला.’ दोन्ही वाक्यं खरी असतील. तरीही देव आहे की नाही, याबद्दल त्यातून काहीच ठरत नाही. एखादं मत दुःखातून आलं म्हणून ते खोटं ठरत नाही आणि आईच्या मांडीवर मिळालं म्हणून खरंही ठरत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंची घडण्याची कारणं आधी बघू.

माणसं देव का मानतात, यावर गेल्या काही दशकांत बरंच काम झालंय. एक धागा सावधपणाचा. अंधारात पायाशी काही हललं तर आपण आधी साप समजून मागे सरतो, मग बॅटरी मारल्यावर दोरी दिसते. दोरीला साप समजण्यात फार तर दचकणं होतं, पण सापाला दोरी समजलं तर जीव जातो. त्यामुळे ‘इथे कोणीतरी आहे, त्याच्या मनात काहीतरी आहे’ असं वाटण्याकडे आपली बुद्धी मुळातच झुकलेली असते. दुसरा धागा अनिश्चिततेचा. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ट्रोब्रियंड बेटांवर पाहिलं, की शांत खाजणात मासे पकडताना लोक कसलेच मंत्रतंत्र करत नाहीत आणि खुल्या समुद्रात निघताना भरपूर करतात. आपल्याकडेही भात शिजावा म्हणून कोणी नवस बोलत नाही. नवस असतो तो आजाराला, परीक्षेला, मूल होण्याला, म्हणजे जिथे आपला हात पोचत नाही तिथे. तिसरा धागा मला सगळ्यांत बळकट वाटतो: मूल शब्दांपेक्षा मोठ्यांच्या झिजण्यावर विश्वास ठेवतं. वडील ‘देव आहे’ असं म्हणाले म्हणून तुम्ही मानलं नसेल. ते पहाटे थंड पाण्याने आंघोळ करून, सोवळं नेसून, दोन-दोन तास पाटावर बसत, हे पाहून तुम्ही मानलं.

आता न मानण्याची कारणं. काहींना पुरावा पुरेसा वाटत नाही. काहींना आत कधी काही जाणवलंच नाही. त्यांच्या बाबतीत बंड नसतं, फक्त शांतता असते. काहींचा नकार नैतिक असतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो पाचेक वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात ते शब्द पाळले. तिथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची आहे. तो नकार माणसाच्या प्रतिष्ठेसाठी होता. त्याला नुसता ‘तर्क’ किंवा नुसता ‘राग’ म्हणणं त्याच्यावर अन्याय ठरेल. आणि काहींची श्रद्धा दुःखाने जाते.

पण दुःखाने श्रद्धा जातेच असं नाही, हेही लक्षात घ्या. २२ फेब्रुवारी २०११ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला, १८५ माणसं गेली. योगायोगाने तिथल्या हजारो लोकांच्या मतांचा दीर्घकालीन अभ्यास आधीपासून चालू होता. देशात धार्मिकता हळूहळू घटत होती, पण ज्यांना भूकंपाची थेट झळ बसली त्यांच्यात ती वाढलेली आढळली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट कोण विसरेल? आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले आणि चार वाजायच्या आत किल्लारी परिसर जमीनदोस्त. ‘काल ज्याला निरोप दिला त्याने आज वाचवलं का नाही’ हा प्रश्न त्या सकाळी पडणं अगदी माणसासारखं होतं. माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली सापडली, हे खरं उत्तर. मात्र एकाच घराच्या ढिगाऱ्यातून निघालेले दोन भाऊ त्यानंतर दोन वेगळ्या दिशांना जाऊ शकतात, आणि त्यातला कोणताही कमी शहाणा ठरत नाही.

तेव्हा ‘रागावलोय की नास्तिक झालोय’ हे कळायला स्वतःला दोन प्रश्न विचारा. उत्तरं कागदावर लिहा, कारण नुसतं मनात विचारलं की दर रात्री उत्तर बदलतं.

पहिला: बाबा बरे झाले असते तर तुम्ही आज मानत असता का?

‘हो’ असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ तुमचा नकार खोटा, असा होत नाही. अर्थ एवढाच, की तुमची श्रद्धा आणि तुमची अश्रद्धा एकाच खुंटीला टांगलेली होती, आणि ती खुंटी म्हणजे निकाल. बाबा वाचले असते तर तुम्ही त्याला पुरावा मानलं असतं आणि तोही तितकाच कच्चा असता. २००६ साली अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटासाठी इतरांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही आणि आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना होतेय हे सांगितलेलं होतं. त्यांच्यात ते ५९ टक्के निघालं. यातून देव नाही हे सिद्ध होत नाही. पण ‘आपण पुरेसं मनापासून मागितलं नाही म्हणून बाबा गेले’ हा जो काटा बऱ्याच घरांत आत रुतून बसलेला असतो, तो काढायला हे आकडे उपयोगी आहेत. स्वादुपिंड जठराच्या मागे खोल दडलेलं असतं, लक्षणं उशिरा दिसतात, बहुतेकदा आजार पसरल्यावरच हाती लागतो. तुमच्या उपासात काही कमी पडलं नव्हतं.

दुसरा प्रश्न: तुम्ही नेमक्या कोणत्या देवाला ‘नाही’ म्हणताय?

हा प्रश्न फार थोडे लोक स्वतःला विचारतात. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला, मूर्ती आणि मध्यस्थ भटजी दोन्ही नाकारले, पण ‘निर्मिक’, म्हणजे जगाचा निर्माता, ठेवला. रानडे-भांडारकरांच्या प्रार्थना समाजाने मूर्ती सोडली, प्रार्थना सोडली नाही. आगरकर त्यापुढे गेले, त्यांच्या मते जे कळण्याजोगं नाही त्याच्यावर आयुष्य बेतू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः विवेकवादी, पण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका अशी की देव मानणाऱ्याशी आमचं भांडण नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी आहे. हे चार नकार चार वेगळ्या जागी उभे आहेत. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही नाकारताय तो ‘नवस घेऊन आजार परतवणारा’ देव.

त्या देवाची वकिली आपल्या मोठ्या आचार्यांनीही केलेली नाही. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अगदी तुमचाच आक्षेप आलाय: जगात एकाला सुख, एकाला दुःख, म्हणजे देव पक्षपाती (वैषम्य) आणि निर्दय (नैर्घृण्य) ठरतो. उत्तर दिलंय की तो स्वतःच्या मर्जीने काही वाटत नाही, ज्याच्या-त्याच्या कर्माची अपेक्षा ठेवून देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखाच, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियांमुळे. आता हे उत्तर नीट पाहिलं तर नवसाची जागाच उरत नाही. कर्माचं फळ चुकत नसेल तर अकरा नारळांनी ते बदलणार कसं? आपल्या घरांत मात्र कर्मसिद्धांत आणि नवस एकाच देव्हाऱ्यात शेजारी नांदतात आणि दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत, हे बाप आजारी पडल्यावरच ध्यानात येतं. शिवाय ते कर्माचं उत्तर कोणाच्या उशाशी बसून देण्याचं नाही. ‘प्रारब्ध असतं एकेकाचं’ हे वाक्य वेदनेने कळवळणाऱ्या माणसालाच आरोपी करतं. ते तुम्हाला कोणी ऐकवलं असेल तर तुमच्या रागाचा बराच भाग तिथला आहे आणि तो रास्त आहे.

शास्त्रात हा वाद किती मोकळा चाललाय, तेही सांगते. न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या पंडितांचा, विशेषतः उदयनाचार्यांचा मुद्दा असा: घडा आहे म्हणजे कुंभार असणार, जग हेही कार्य आहे म्हणजे त्याला कर्ता असणार. विरोधकांनी विचारलं, कुंभार घडा करताना आपण पाहिलाय, जग करताना कोण कोणाला दिसलं? कुंभाराला हात असतात, जगाच्या कर्त्याला आहेत का? आणि वाडा बांधायला शंभर गवंडी लागतात, मग जगाला एकच कर्ता कशावरून? सांख्यसूत्रांत ‘ईश्वर सिद्ध होत नाही’ असं सरळ म्हटलंय. जैन, बौद्ध, चार्वाक तर होतेच. इतकंच काय, पाणिनीच्या सूत्रावरून ‘नास्तिक’ म्हणजे परलोक नाही असं मानणारा आणि मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदनिंदक. देव न मानणारा हा अर्थ नंतर चिकटला. ‘आपल्या घरात असा कोणी नव्हता’ या ओझ्याखाली तुम्ही वाकलेले दिसता, म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात नसेल, परंपरेत भरपूर आहेत.

तुकोबांच्या गाथेतही ‘माझ्या लेखी देव मेला’ असं म्हणणारा अभंग आहे. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या माणसाच्या गाथेत तो आहे आणि वारकऱ्यांनी तो गाळला नाही. देवाशी भांडणं ही आपल्याकडे भक्तीच्या आतलीही गोष्ट आहे. तुमचा राग त्या जातीचा आहे की खरोखर निरोप आहे, हे या वर्षी ठरवण्याची सक्ती कोणीच केलेली नाही. दीड वर्ष हा काळ लांब वाटतो, पण पहिलं वर्ष विधी, कागदपत्रं आणि आईची काळजी यांतच जातं. दुःख बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी पोचतं. झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, बाबांच्या आठवणीने रोजचं जगणं अजूनही अडत असेल, तर तो देवाचा प्रश्न राहत नाही. समुपदेशकाला भेटा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

आता पाट.

तुम्ही लिहिलंय, ‘मनात नसताना मंत्र म्हणणं म्हणजे खोटी साक्ष.’ थोडं थांबून त्या पूजेत यजमान नेमकं काय बोलतो ते पाहा. आचमन, प्राणायाम, मग देशकाल उच्चारून संकल्प. उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडताना म्हणायचं असतं ‘करिष्ये’, मी करीन. कशासाठी? कुटुंबातल्या सगळ्यांचं क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य वाढावं म्हणून. पुढे ‘आवाहयामि’, बोलावतो. ‘समर्पयामि’, अर्पण करतो, आणि हे पाणी, गंध, अक्षता, फूल, एकवीस दूर्वा, नैवेद्य करत सोळा उपचारांभर चालतं. सगळी क्रियापदं करण्याची आहेत. ‘देव आहे असं मी मानतो’ हे वाक्य त्या पोथीत कुठेच उच्चारावं लागत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेत ‘मी विश्वास ठेवतो’ असा श्रद्धेचा जाहीरनामा असतो, इस्लाममध्ये साक्ष असते. तिथे मनात नसताना म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होतं. पार्थिव पूजेची, म्हणजे मातीच्या मूर्तीच्या पूजेची, घडण वेगळी आहे. मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, तर जगाचा कर्ता ईश्वर नाकारूनही यज्ञ अक्षरशः तसूभरही ढळू न देता सांभाळले.

पण अर्धंच सांगून तुम्हाला पाटावर ढकलणार नाही. एक क्षण असा आहे जिथे तुम्ही अडाल, आणि तो आधीच माहीत असलेला बरा. भटजी तुमचा हात मूर्तीच्या छातीशी नेतात, दूर्वेची काडी टेकवायला सांगतात आणि ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ म्हणतात. या शाडूत प्राण येवोत. जो माणूस सात महिने बापाचा श्वास मोजत बसला होता, त्याच्या बोटांना ती काडी जड जाईल. तिथे घसा दाटला तर दाटू द्या. आणि हेही ध्यानात ठेवा की त्याच पोथीत शेवटी उत्तरपूजा आहे. अक्षता टाकून, मूर्ती जागची जराशी हलवून देवाला निरोप द्यायचा, त्यानंतर ती पुन्हा माती. माती, मग देव, मग परत माती: हा विधी स्वतःच मूर्तीला कायमचा देव म्हणत नाही. मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही इथे बसायला जागा मिळते ती यामुळे.

ढोंग कधी होतं? तुमच्या हातांनी काय केलं यापेक्षा कोणाला फसवलं यावर ते ठरतं. आईने ‘तुला पूर्वीसारखं वाटतं ना रे?’ असं विचारल्यावर तुम्ही ‘हो’ म्हणालात तर ते खोटं. लोकांनी भाविक म्हणावं म्हणून बसलात तर तेही खोटं. बाबांच्या जागेवर, बाबांचं काम, आईला ठाऊक असलेल्या अटीवर केलंत तर मला त्यात खोटं दिसत नाही. तरीही बसल्यावर आतून घुसमट होणार असेल तर बसू नका. पूजा चुलतभावाला करू द्या, त्याला गेल्या वर्षीची सवय आहे, आणि तुम्ही दुसरं काम अंगावर घ्या, असं की ज्याच्याशिवाय गणपती उभा राहत नाही. मूर्ती आणणं, मखर, गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला कवंडळं, सुपाऱ्या, कांगण्या बांधणं, रात्रीच्या भजनाचा चहा. फक्त एक करू नका: पुण्याहून ऐन वेळी ‘रजा मिळाली नाही’ असं कळवू नका. बहुतेक घरांत दरी पडते ती अशा निमित्तांनी. माणूस न मानल्यामुळे दूर जात नाही, चुकवायला लागल्यामुळे जातो.

आईला सांगावं का? सांगावं, पण मत सांगू नका, अवस्था सांगा. ‘देव नाही’ हा निकाल आहे, आणि तो तुम्हीच अजून दिलेला नाही. शिवाय त्या माउलीच्या कानांना तो ‘तुझे नवस फुकट गेले’ असाच ऐकू येईल. तिचाही प्रश्न तुमच्यासारखाच असू शकतो, फक्त तो ती बोलत नाही: आपल्या नवसात काय चुकलं? म्हणून आधी तिचं ऐका. फोनवर नको, पाहुण्यांसमोर नको, चतुर्थीच्या आदल्या रात्री तर नकोच. दोन-तीन आठवडे आधी एकदा गावी जा, दुपारी ती तांदूळ निवडत किंवा वाती वळत बसली असेल तेव्हा शेजारी बसा. म्हणा, “आई, बाबा गेल्यापासून देवासमोर माझं मन लागत नाही. का ते मलाही कळलेलं नाही. बाबांचं काम म्हणून मी पाटावर बसेन, पण मनात काय चाललंय ते तुझ्यापासून लपवायचं नाही मला.” मग गप्प बसा. ती रडेल, रागावेल किंवा ‘मला माहीत होतं’ म्हणेल. यातल्या कशालाही तर्काने उत्तर देऊ नका. उदयनाचार्य वगैरे इथे अजिबात काढू नका.

आणि तिने बोललेल्या नवसांचा हिशेब राहिलाय का, ते जरूर विचारा. पुष्कळ घरांत ही भीती मुकी राहते. नवस हा अटीवर असतो: अमुक झालं तर तमुक करीन. झालं नाही, तर देणं लागत नाही. हे तिला तिच्याच भाषेत, शक्यतो गावातल्या जाणत्या भटजींच्या तोंडून ऐकू द्या. नाहीतर ‘राहिलेल्या नवसामुळे पितर अडकलेत’ म्हणत हजारोंची शांती सांगणारा कोणीतरी तिच्या दारात उभा राहतो. राज्यात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याने पूजेअर्चेला, व्रताला हात लावलेला नाही, मात्र अलौकिक शक्तीचा दावा करून, भीती घालून होणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते.

पत्नीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, म्हणून मीही थोडंच लिहिते. घरातली रोजची पूजा तिची आहे, ती तशीच राहू द्या, तुमच्या नव्या मताची तालीम तिच्या देव्हाऱ्यासमोर नको. तिने मात्र मुलीसमोर ‘बाबांना देव शिक्षा करेल’ असं काही म्हणू नये, एवढं तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

मुलगी. नऊ वर्षांचं मूल ‘देव खरंच असतो का’ विचारतं तेव्हा बऱ्याचदा त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. आजोबा कुठे गेले? आई-बाबापण जातील का? म्हणून पहिलं उत्तर, “तुला हे आज का वाटलं?” एवढंच द्या आणि थांबा. प्रश्न आजोबांचा निघाला तर शरीरापासून सुरू करा: आजोबांचं शरीर थांबलं, आता त्यांना दुखत नाही, ते झोपलेले नाहीत आणि परत येणार नाहीत. ‘देवाला आवडले म्हणून नेलं’ हे कोणालाही बोलू देऊ नका. मूल त्यातून एवढंच शिकतं की चांगलं वागलं की देव उचलून नेतो. मूर्तीच्या छातीवर दूर्वा टेकवून प्राण आणताना ती पाहील आणि विचारेल, ‘मग आजोबांमध्ये का नाही आणले?’ या प्रश्नाची तयारी ठेवा. उत्तर असं देता येईल: “पूजेत आपण मानतो की देव पाच दिवस पाहुणा आला. खरा माणूस परत आणता येत नाही. मलाही ते शक्य असतं तर हवं होतं.”

प्रश्न देवाचाच असेल तर तीन वाक्यं पुरतात: “आजीला आणि आईला वाटतं की आहे. मला पूर्वी वाटायचं, आता कळत नाही. तू मोठी होऊन तुझं ठरव, आणि मधे मत बदललं तरी चालेल.” यात खोटं काही नाही आणि आजीही लहान होत नाही. मुलीला निरोप्या मात्र करू नका. ‘बाबा मानत नाहीत’ हे आजीला पहिल्यांदा नातीकडून कळलं तर वर लिहिलेली सगळी काळजी वाया जाईल. म्हणून आधी आई, मग मुलगी, हा क्रम पाळा. मुलीला आरतीत झांजा वाजवायच्या असतील तर वाजवू द्या, मोदकाच्या पाऱ्या करायच्या असतील तर करू द्या. आणि एखाद्या वर्षी नको म्हणाली, तर तेही चालू द्या.

शेवटी भटजी. चतुर्थीच्या दिवशी ते पहाटेपासून एका घरातून दुसऱ्या घरात धावत असतात, तेव्हा बोलायला सवड नसते. श्रावणातच फोन करा. सांगा की वडिलांनंतर पहिल्यांदाच बसतोय, संकल्पाचा आणि प्राणप्रतिष्ठेचा अर्थ मराठीत सांगत चला, आणि मधे थांबलो तर घाई करू नका. अशी विनंती करणारे यजमान थोडे असतात, बहुतेक भटजींना ती आवडते. बाबांची जुनी पळी, पंचपात्र आणि ताम्हन कुठल्या फडताळात आहे, ते आईला विचारून आधीच घासून ठेवा. ऐन वेळी ते शोधत बसलात तर सकाळचा सगळा धीर तिथेच जाईल.